जागेचं रडगाणं

लार्ज फॉरमॅटचा विषय निघाला की पुण्यात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "करायचंय रे, पण जागा कुठंय?" बोलणारा कोथरूड नाहीतर वाकडला टू बीएचकेत राहत असतो. कॅमेऱ्याच्या किमतीबद्दल तो काही बोलत नाही, फिल्मच्या किमतीवर थोडा कुरकुरतो, पण डार्करूमपाशी आला की हात टेकतो. माझं मत विचाराल तर जागा ही निव्वळ सबब आहे. खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आधी जागेचा हिशोब मिटवून टाकू. लार्ज फॉरमॅट म्हणजे रोल नाही, एकेक सुटी शीट. सगळ्यात छोटी नेहमीची शीट ४×५ इंचांची. ती डेव्हलप करायला अंधार लागतो हे खरं, पण किती? फिल्म होल्डरमधून काढून टाकीत घालेपर्यंतच. तेवढा अंधार चेंजिंग बॅगेत मिळतो. दोन बाह्यांची ती काळी पिशवी मांडीवर घेऊन पलंगावर बसूनही काम होतं. शीट उभी धरल्यावर खाचा उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात लागल्या की इमल्शन आपल्याकडे आहे, हे बोटांना कळतं. मग शीट इमल्शन आत ठेवून नळीसारखी वळवायची, सैलसा रबरबँड लावायचा आणि टाकीत उभी करायची. एक लिटरच्या टाकीत अशा चार शीट मावतात, म्हणजे क्षेत्रफळाने १२० चा एक रोल. झाकण लावलं की दिवा लावा, रेडिओ लावा, काय वाटेल ते करा. पुढचं सगळं बेसिनपाशी उजेडात. उरलं काय? तीन बाटल्या, एक थर्मामीटर आणि फिल्म वाळत घालायला दोरी.

ज्यांना ट्रेमध्येच करायची हौस आहे त्यांनी एक्स-रे फिल्म वापरून बघावी. ८×१० ही तिची नेहमीची साईझ आणि फोटोग्राफीच्या फिल्मपेक्षा ती बरीच स्वस्त पडते. ती लाल रंगाला आंधळी असते, त्यामुळे लाल दिव्यात चित्र उमटताना डोळ्यांनी बघता येतं. (आणि फोटोत कुंकू काळं दिसतं, हे आधीच सांगून ठेवतो.) देवघरातला झीरोचा लाल बल्ब चालेल का? फिल्मच्या तुकड्यावर नाणं ठेवून पाच मिनिटं त्या उजेडात राहू द्या आणि मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला तर बल्ब देवघरातच बरा :)

पुण्यात जागेपेक्षा जास्त सतावतं ते पाणी. सगळी कोष्टकं २० अंशांची आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं एप्रिलमधलं पाणी म्हणजे जवळजवळ चहाच. २० अंशांना दहा मिनिटं लागणारी फिल्म २४ ला साधारण सातमध्ये होते. त्याहून वर गेलं की वेळ इतका कमी उरतो की डेव्हलपर सगळीकडे सारखा लागेल याची खात्री नाही. यावर उपाय म्हणजे माठ. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी नळापेक्षा चांगलंच थंड असतं. बाकीचं काम टबात ठेवलेली बर्फाची पिशवी करते. धुण्यासाठी नळ अर्धा तास सोडून ठेवायची गरज नाही. फिक्सर हार्डनर नसलेला असेल तर टाकी भरून पाच वेळा उलटसुलट करा, पाणी बदला, मग दहा वेळा, पुन्हा बदला, मग वीस. ही पद्धत इल्फर्ड कंपनीनेच सांगितलेली आहे. तीन लिटरमध्ये काम होतं, गुरुवारच्या पाणीकपातीतसुद्धा. टँकरच्या जड पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा.

तर जागेचा प्रश्न इथे संपला. आता मुद्द्याचं.

"घरी आणि कमी जागेत" याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण कुठलं? दादासाहेब फाळके. त्यांची फिल्म सिनेमाची होती, लार्ज फॉरमॅटची नव्हे, पण अडचणी याच. १९१२ साली ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि दादरचं राहतं घर हाच कारखाना झाला. कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची, ती अंधारात बसून पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. रसायनं कालवण्यात आणि फिल्म डेव्हलप करण्यातही त्या होत्या, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशनमध्ये लागला. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) बघून आपण सगळे "काय जिद्द!" म्हणत बाहेर पडलो. जिद्द होतीच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ते घर पुरलं, कारण त्या घरातल्या दुसऱ्या माणसाने आपला अख्खा दिवस त्यात घातला. आणि पहिलं नाव घेताना आपण एकाचंच घेतो.

छोट्या घरातल्या छंदाचं हेच आहे. जागा कमी पडत नाही, ती कुणाकडून तरी घेतलेली असते. रात्री अकराला बाथरूम दीड तास अडवली, तर ती ज्याला लागणार होती तो माणूस थांबलेला असतो. फिक्सरचा वास बेडरूमपर्यंत जातो. फिल्म वाळतेय म्हणून पंखा बंद, कारण धूळ. आपल्या ऑफिसच्या भाषेत याला टेक्निकल डेट म्हणतात: काम माझं आणि निस्तरायचं दुसऱ्याने. तेव्हा माझे नियम सोपे आहेत. वार आणि वेळ आधी विचारायची, सांगायची नाही. मापं आणि भांडी वेगळी, स्वयंपाकघरातलं एक चमचाही नाही. रसायन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच नाही, लेबल लावूनही नाही. लहान मुलं लेबल वाचत नाहीत. हातमोजे आणि एक्झॉस्ट फॅन हवेतच. आणि नंतर फरशी पुसायची ती मीच.

घराबाहेर ढकललेला खर्च म्हणजे वापरलेला फिक्सर. फिल्मवर न वापरली गेलेली चांदी त्यात विरघळून येते आणि बहुतेक जण तो सरळ मोरीत ओततात. "एवढ्याशाने काय होतंय?" खरं सांगायचं तर फार काही होत नाही. वर्षाला माझे पाच-सहा लिटर. मुठेची आजची अवस्था माझ्या फिक्सरने झालेली नाही. पण मुठेची अवस्था करणाऱ्या प्रत्येकाकडे हेच वाक्य आहे. शिवाय उपाय इतका सोपा आहे की सबब शोधायलाच जास्त कष्ट पडतील. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये फिक्सर साठवायचा आणि त्यात स्टील वूल टाकून ठेवायचं. ते लोखंडी हवं; स्टेनलेसची घासणी चालत नाही. लोखंड विरघळतं आणि त्याच्या बदल्यात चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. किंवा जिथे अजून ओली एक्स-रे फिल्म धुतली जाते अशा क्लिनिकमध्ये विचारा. त्यांचा फिक्सर चांदीसाठी विकला जातो, तुमचा एक कॅन त्यात सहज खपून जाईल. चांदीचा मोह आपल्याला नवा नाही. जुन्या मूकपटांची कितीतरी रिळं त्यातल्या चांदीसाठीच धुतली गेली. सिनेमे धुऊन चांदी काढता येते, तर मोरीत जाणारी चांदी अडवायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल, एवढे सोपस्कार करण्यापेक्षा मोबाईल बरा. बराच आहे! रोजचे फोटो मीही त्यावरच काढतो. पण महिन्याला चारच शीट काढायच्या म्हटल्यावर माणूस शनिवारवाड्यासमोर अर्धा तास नुसता उभा राहून बघतो. मला तरी तेवढ्यासाठी हे परवडतं. प्रश्न इतकाच की ते बाकीच्यांनाही परवडतंय का.

म्हणून "जागा कुठंय?" हा प्रश्न पुन्हा पडला तर टेप घेऊन बाथरूम मोजू नका. घरच्यांना विचारा, आणि बाजारातून येताना फिक्सरबरोबर एक रिकामा कॅन घेऊन या.