बर्फात गोठलेला कुंचला
उणे तापमानात जलरंग कागदावर उतरण्याआधीच गोठतात, तरी वाचकहो, अंटार्क्टिकाचे रंग जगाला दाखवले ते जलरंगांनीच. ब्रिटिश संशोधक रॉबर्ट स्कॉट यांच्या १९१०च्या टेरा नोव्हा या अंटार्क्टिक मोहिमेतले डॉक्टर एडवर्ड विल्सन उघड्यावर फक्त पेन्सिल चालवत. हातमोजा काढायचा, बोटं बधिर होईतो रेघा ओढायच्या, कुठला रंग कुठे ते शब्दांत टिपायचं. रंगकाम मग केप एव्हान्सच्या लाकडी घरात, अ‍ॅसिटिलीनच्या दिव्याखाली. आधीच्या मोहिमेत, १९०२मध्ये, या हौसेपायी त्यांचे डोळे हिमांधतेने इतके दुखले, की डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना घसरगाडी ओढावी लागली. डॉक्टरांचं पथ्य डॉक्टरच पाळत नाहीत, ते असं! टेरा नोव्हावर हर्बर्ट पॉन्टिंग यांच्यासारखा कसलेला छायाचित्रकार होता. पण त्यांची बहुतेक छायाचित्रं कृष्णधवल, म्हणून ध्रुवीय आभाळाचा खरा साक्षीदार विल्सनच. अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेतले चित्रकार जॉर्ज मार्स्टन तैलरंगवाले; त्यांची तऱ्हा निराळी. १९१६मध्ये मोहीम एलिफंट बेटावर अडकून पडली, तेव्हा त्यांचे रंग ‘जेम्स केअर्ड’ होडीच्या फटी बुजवायला गेले आणि त्याच होडीतून शॅकल्टन मदत आणायला सुमारे ८०० मैलांवरच्या दक्षिण जॉर्जियाला पोहोचले. मार्स्टन यांचं हे रंगकाम कुठल्याही कलादालनात टांगलेल्या चित्रापेक्षा सरस!