बाटलीवरचे नाव आणि माणसाचे आडनाव

पुणे, मुंबई, बंगळुरू या शहरांत गेल्या पंधरा-सोळा वर्षांत एक नवा धंदा वाढला आहे. मोठ्या कारखान्यातली एकसारखी बियर विकण्याऐवजी छोट्या भट्टीत, थोड्या प्रमाणात, वेगवेगळ्या चवीची बियर तयार करायची आणि ती चढ्या भावाने विकायची. तिला क्राफ्ट बियर म्हणतात. महाराष्ट्रात पुण्यात २००९ साली 'डूलाली'ने याची सुरुवात केली. आता लाकडी फळीवर चार-सहा छोटे ग्लास मांडून एकेक घोट घ्यायचा, वास घ्यायचा, कोणती सरस कोणती नीरस यावर चर्चा करायची, हा नव्या श्रीमंत वर्गाचा छंद झाला आहे.

या छंदाचा आपल्या वाचकाशी काय संबंध, असा प्रश्न कोणीही विचारील. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. तेव्हा हा लेख कोणाला बियर प्यायला सांगत नाही. पण या लोकांनी चव ठरवण्यासाठी एक नियम स्वीकारला आहे, आणि तो नियम माणसाची लायकी ठरवताना या देशात मान्य होत नाही. संबंध आहे तो इथे.

चव घेण्याची रीत

स्पर्धेत बियरची परीक्षा कशी होते ते पाहा. परीक्षकासमोर बाटली येत नाही, ग्लास येतो. ग्लासावर फक्त क्रमांक असतो. कंपनी कोणती, किंमत किती, बनवणारा कोण, हे परीक्षकाला सांगितले जात नाही. आधी सौम्य, नंतर कडू आणि गडद, असा क्रम असतो. दोन ग्लासांच्या मध्ये साधे पाणी आणि पाव, म्हणजे मागची चव पुढच्या चवीवर चढत नाही. घरगुती बियरच्या स्पर्धांसाठी अमेरिकेत जी गुणपत्रिका वापरतात ती पन्नास गुणांची आहे: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकूण परिणामाला १०. दिसण्याला पन्नासात अवघे तीन गुण, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ही विद्या खोटी नाही. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बियरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तिच्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. तो वास यीस्टने केलेल्या आंबवणीतून येतो. गडद स्टाउटला कॉफीसारखी चव येते ती भाजलेल्या जवामुळे. पेल एलचा कडूपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा. शिकलेले नाक आणि शिकलेली जीभ हे फरक ओळखते. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग कंपनीत १९४० च्या दशकात तीन ग्लासांची कसोटी वापरात आली. दोन ग्लासांत एकच बियर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी कोणती ते ओळखायचे. ओळखता आले नाही तर फरक आहे असे म्हणण्याचा अधिकार नाही. दावा केला तर सिद्ध करा, इतका सरळ हा हिशोब आहे.

नाव कळले की जीभ बदलते

नाव झाकण्याची गरज का पडली? कारण नाव कळले की जाणकाराचीही जीभ प्रामाणिक राहत नाही. अमेरिकेत ॲलिसन आणि उल या दोन अभ्यासकांनी १९६४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बियर पिणाऱ्यांना लेबल काढलेल्या बाटल्या दिल्या, तेव्हा त्यांना आपली आवडती बियर इतरांपासून वेगळी ओळखता आली नाही. सगळ्यांना जवळजवळ सारखेच गुण दिले गेले. नंतर लेबलासकट बाटल्या दिल्या, तर प्रत्येकाने आपापल्या कंपनीला वरचे गुण दिले. बाटलीत काहीही बदलले नव्हते. बदलला होता तो फक्त कागद.

२००६ सालचा दुसरा प्रयोग याहून बोलका आहे. ली, फ्रेडरिक आणि एरिएली या तिघांनी बियरमध्ये बाल्सामिक व्हिनेगरचे, म्हणजे द्राक्षरसाच्या शिरक्याचे, काही थेंब टाकले. ज्यांना काहीच सांगितले नाही, त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना ही मिसळलेली बियर साध्या बियरपेक्षा आवडली. ज्यांना पिऊन झाल्यावर सांगितले, त्यांचीही पसंती फारशी घटली नाही. पण ज्यांना पिण्याआधीच 'यात शिरका आहे' असे सांगितले, त्यांच्यात पसंती साधारण निम्म्यावर घसरली. त्यांना ती खरोखरच वाईट लागली. ते खोटे बोलत नव्हते. मनातल्या समजुतीने जिभेचा ताबा घेतला होता.

आता हे महाडला नेऊन पाहा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपले लोक चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर स्पृश्यांनी १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून ते पुन्हा तळ्यात ओतले आणि तळे 'शुद्ध' झाले असे जाहीर केले. त्याच तळ्यावर जनावरे पाणी पीत होती, त्याने तळे बाटले नाही. पाण्यात काय बदलले होते? काहीच नाही. कोण प्यायले हे कळले होते, एवढेच. तीन ग्लासांची कसोटी त्या दिवशी महाडच्या कोणत्याही शास्त्रीबुवासमोर ठेवली असती तर त्याला बाटलेला ग्लास ओळखता आला नसता. विटाळ पाण्यात नसतो, विटाळ माहितीत असतो.

हा इतिहास संपलेला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातील सुखीढांग येथील सरकारी शाळेत सवर्ण मुलांनी दलित स्वयंपाकिणीच्या हातचे माध्यान्ह भोजन खाण्यास नकार दिला. त्या बाईंना नियुक्तीची प्रक्रिया चुकली असे कारण देऊन काढण्यात आले. देशभर टीका झाल्यावर पुन्हा घेण्यात आले. डाळ बिघडली होती, भात कच्चा होता, अशी तक्रार नव्हती. तक्रार स्वयंपाकिणीच्या जातीबद्दल होती.

पूर्ण नाव काय?

आपल्या महाराष्ट्रात जात विचारण्याची सभ्य पद्धत आहे. 'पूर्ण नाव काय?' आडनावावरून उलगडा झाला नाही तर 'गाव कोणते?' तरीही नाही झाला तर 'गावात कुठे राहता?' नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याची खोली बघताना, रेल्वेच्या डब्यात, हा क्रम आपल्यातल्या बहुतेकांना तोंडपाठ आहे.

या प्रश्नाची किंमत किती, हे विदर्भाचे सुपुत्र अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली आकड्यांत मांडले. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवण्यात आले. शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. काही नावे उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. उच्चवर्णीय नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण १ धरले तर तेवढ्याच शिकलेल्या दलित नावाला ते ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघाले. उमेदवाराला कोणी पाहिलेही नव्हते. लेबल वाचूनच बाटली बाजूला ठेवली गेली.

त्याच वर्षी दिल्लीच्या 'एम्स'मधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीपुढे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी तक्रार केली की तोंडी परीक्षेत त्यांची जात काढली जाते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत १७५० गुणांच्या लेखी उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला उमेदवाराचे नाव कळत नाही. पण २७५ गुणांच्या मुलाखतीत मंडळाच्या हातात नावासकटचा अर्ज असतो. जिथे एकेका गुणाने यादी वर-खाली होते, तिथे हे २७५ गुण क्षुल्लक नाहीत. बियरचा न्याय करताना जी दक्षता आवश्यक मानली जाते, ती जिल्हाधिकारी निवडताना अनावश्यक कशी ठरते?

नाव लपवण्याचा हक्क कोणाचा?

यावर कोणी म्हणेल, नाव लपवणे म्हणजे फसवणूक. मग क्राफ्ट बियरच्या बाजारातच पाहू. २०११ साली 'एबी इनबेव्ह' या जगातल्या सर्वांत मोठ्या बियर कंपनीने शिकागोची 'गूज आयलंड' ३ कोटी ८८ लाख डॉलरना विकत घेतली. ग्राहकाला मात्र ती छोटी, स्थानिक बियर वाटत राहावी अशीच मांडणी राहिली. 'ब्लू मून' ही बियर १९९५ पासून कूर्स कंपनीची. बाटलीवर तिचे नाव ठळक नाही. २०१५ साली एका ग्राहकाने याविरुद्ध दावा लावला, तो न्यायालयात टिकला नाही. शेवटी छोट्या उत्पादकांच्या संघटनेने २०१७ साली स्वतंत्र छोट्या उत्पादकांसाठी शिक्का काढला, म्हणजे अस्सल छोटा कोण ते ग्राहकाला कळावे. भांडवलदाराने नाव झाकले तर त्याला विक्रीकौशल्य म्हणतात. खोली मिळावी म्हणून आपल्या पोराने आडनाव सांगायचे टाळले तर ती लबाडी ठरते.

उलट दुर्बलाला मात्र नाव उघडे करण्याची सक्ती होते. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळींना मालकांची नावे पाटीवर लावण्याचा आदेश निघाला. अन्न कोणते ते कळावे एवढाच हेतू असता तर शाकाहारी-मांसाहारी एवढे लिहिणे पुरेसे होते. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात नेमके हेच सांगितले: पदार्थ कोणते ते लिहायला सांगा, नावांची सक्ती करू नका. पुढच्या वर्षी 'क्यूआर कोड'च्या रूपाने हाच वाद परत आला, तेव्हा न्यायालयाने परवाना आणि नोंदणीपत्र लावण्यास सांगितले आणि बाकीच्या मुद्द्यांत त्या वेळी शिरण्याचे टाळले. म्हणजे प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. भाकरी कशी आहे यापेक्षा भाकरी कोणी थापली याची चौकशी ज्या समाजात आधी होते, त्या समाजाला पाटीचा आदेश पुरतो.

वहीतले नाव

इथे एक सापळा आहे, त्यापासून सावध राहिले पाहिजे. आरक्षणाचे विरोधक लगेच म्हणतील, 'आम्हीही तेच म्हणतो, जात पाहूच नका, गुणवत्ता पाहा.' हा युक्तिवाद ऐकायला गोड आणि आतून पोकळ आहे.

स्पर्धेत नाव झाकले जाते ते परीक्षकापासून. आयोजकाच्या वहीत मात्र प्रत्येक क्रमांकापुढे नाव लिहिलेले असते. ती वही नसेल तर बक्षीस कोणाचे हेच कळणार नाही. आणि ती वही उघडल्यावरच आणखी एक गोष्ट दिसते: टेबलापर्यंत पोहोचले कोण? अमेरिकेत बियर उत्पादकांच्या संघटनेने सर्वेक्षण केले तेव्हा भट्ट्यांच्या मालकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास निघाले. लोकसंख्येत ते शेकडा तेराच्या घरात आहेत. परीक्षकांनी डोळे बांधून कितीही प्रामाणिक निकाल दिला तरी ज्याची बाटली टेबलावर आलीच नाही त्याला गुण कुठून मिळणार? भट्टीला भांडवल लागते, जागा लागते, शिकवणारा उस्ताद लागतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीचे कृष्णवर्णीय ब्रूमास्टर गॅरेट ऑलिव्हर यांनी २०२० मध्ये कृष्णवर्णीय आणि इतर वंचित तरुणांना हे तंत्रशिक्षण मिळावे म्हणून शिष्यवृत्ती देणारी संस्था काढली ती यासाठीच. त्यांनी परीक्षकांचा नियम बदला असे म्हटले नाही. टेबलापर्यंतचा रस्ता खुला करायला घेतला.

आरक्षण हेच काम करते. ते गुणपत्रिकेत खाडाखोड करत नाही, ते दार उघडते. आणि कोणाला दार बंद आहे हे समजण्यासाठी वही लागते. ती वही म्हणजे जातनिहाय जनगणना. बिहारने २०२३ मध्ये आपल्यापुरती ती उघडून दाखवली. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी पुढच्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींचा आकडा जनगणनेतून यायचा आहे. जे लोक मुलाखतीत 'पूर्ण नाव काय' असे आवर्जून विचारतात, तेच लोक जनगणनेत जात विचारली की 'समाजात फूट पडेल' असे ओरडतात. याचा अर्थ उघड आहे. जिथे नाव कळल्याने त्यांचा फायदा होतो तिथे ते हवे असते. जिथे हिशोब द्यावा लागतो तिथे नको असते.

आपली मागणी याच्या बरोबर उलट असली पाहिजे. निवड करणाऱ्यासमोर क्रमांक ठेवा, नाव नको. खासगी कंपन्यांनी अर्जांची पहिली छाननी नावाविना करावी. मुलाखतीचे गुण कमी करावेत आणि मंडळाला उमेदवाराचे नाव, गाव कळणार नाही अशी व्यवस्था करावी. आणि हिशोबाच्या वहीत मात्र प्रत्येक जातीची नोंद व्हावी, तिचे आकडे दडपले न जाता लोकांसमोर यावेत. जनगणनेचा प्रगणक दारात येईल तेव्हा आपल्या वस्तीत एकही घर नोंदीवाचून राहू नये, हे काम कार्यकर्त्यांनी आतापासून अंगावर घेतले पाहिजे.