खिडकी की फर्मान?

डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीत पाय टेकण्यापुरती जागा मिळाली, की राजकारण आणि पगार हे दोन वाद हमखास कानी येतात. अलीकडे संगणकवाल्यांनी तिसऱ्याची भर घातली आहे. डेटाबेसमध्ये शिरायचे ते माऊसने टिचक्या मारीत खिडकीतून, की काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून? तरुण म्हणतो, "काका, सगळे तक्ते डोळ्यांसमोर दिसतात, मग पाठांतर कशाला?" काका म्हणतात, "अरे, दिसले म्हणजे कळले असे नव्हे!"

वाचकहो, हा वाद वाटतो तितका परका नाही. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या आरंभीच जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कर वगैरे व्यवहार संगणकावर आणले आणि राज्यातील इतर पालिकांनी तो कित्ता गिरवला. म्हणजे आपल्या लेकराचे नाव आता एखाद्या तक्त्यातील एक ओळ आहे.

समजा, त्या नावाची वेलांटी सुधारायची आहे. आयबीएममध्ये १९७४च्या सुमारास जन्मलेल्या एसक्यूएल भाषेत 'अपडेट' लिहिले, पण 'व्हेअर', म्हणजे कोणाचे, हे सांगायचे राहिले, तर एका दमात साऱ्या गावाचे नाव तेच होते! यंत्र हुकूम पाळते, शंका काढीत नाही. मायएसक्यूएलच्या वर्कबेंच या खिडकीवाल्या साधनात अशा आज्ञेला मुळातच अटकाव असतो. आज्ञावाल्यांना तो मागून घ्यावा लागतो. आणि मौज अशी, की त्या पर्यायाचे एक नाव चक्क 'मी मठ्ठ आहे' अशा अर्थाचे आहे!

मग खिडकीच श्रेष्ठ? तसेही नव्हे. काल कुठे कुठे टिचक्या मारल्या, हे आज सांगता येत नाही. आज्ञा मात्र वहीत उतरवता येते, सहकाऱ्याकडून तपासून घेता येते, रोज रात्री आपोआप चालवता येते. आधी 'बिगिन' म्हणावे, किती ओळी बदलल्या तो आकडा पाहावा; एकाऐवजी लाख दिसल्या, तर 'रोलबॅक' म्हणून सारे पूर्ववत करावे. 'कमिट' म्हटल्यावर ती वाट बंद. ही सोय खिडकीतही असते. पण आज्ञेची सवय असलेल्यालाच ती वेळेवर आठवते.

माझे मत विचाराल, तर पाहावे खिडकीतून, बदलावे लेखी. चुकलेल्या वेलांटीपायी शाळेपासून पारपत्र कार्यालयापर्यंत हेलपाटे घालणाऱ्या बापाला साधनाशी कर्तव्य नसते. "ही ओळ कोणाची?" असे स्वतःला विचारणारा माणूस तिथे बसला होता की नाही, एवढेच त्याला भोवते.