शिरस्त्राणाचें आयुष्य

अमेरिकेंत नोकरीस असलेल्या एका तरुणाच्या वडिलांनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, मोटारीच्या शर्यतींसाठीं २०१४ सालीं घेतलेलें चिरंजीवांचें हेल्मेट मैदानावरील तपासनिसानें नापास केलें; त्यावर एक ओरखडाहि नाहीं, मग तें बाद कसें? प्रश्न रास्त आहे. ज्या घरांत आजीचा तांब्याचा बंब अद्याप चालतो, तेथें न मोडलेली वस्तु टाकून देणें पातकासारखें वाटावयाचेंच.

परंतु हेल्मेटास दोन आयुष्यें असतात. एक वस्तूचें, दुसरें प्रमाणाचें.

प्रथम वस्तूचें पाहूं. शिरस्त्राण या शब्दांतील ‘त्रै’ धातूचा अर्थ रक्षण करणें. हें रक्षण बाहेरचें कठीण कवच करितें असा बहुतेकांचा समज असतो. वास्तविक मुख्य काम आंतील थर्माकोलच्या जातीच्या अस्तराचें. आघात होतांच तें चेपतें, आणि त्या चेपण्याच्या अवकाशांत डोक्याची गति मोडते. एकदां चेपलेलें अस्तर पूर्ववत् होत नाहीं, आणि वरून तर कांहींच कळत नाहीं. यास्तव जबर आघात सोसलेलें हेल्मेट त्याच दिवशीं संपलें असें समजावें. आघात न होतांहि घाम, आंतील डिंक व राळ, इंधनाचा संसर्ग आणि केसांचें तेल (तेलाशिवाय ज्यांचें पान हालत नाहीं त्यांनीं लक्ष द्यावें) यांनीं अस्तर निकृष्ट होत जातें. म्हणून अमेरिकेंतील स्नेल संस्था पांच वर्षांनीं हेल्मेट बदलावें अशी शिफारस करिते.

या संस्थेचें नांव एका दुर्दैवी शर्यतपटूचें आहे. पीट स्नेल हा १९५६ सालीं शर्यतींत डोक्यास इजा होऊन वारला. हेल्मेट घातलेलें असूनहि त्याचा उपयोग झाला नाहीं. पुढील वर्षीं त्याच्या स्मरणार्थ ही संस्था निघाली आणि १९५९ सालीं तिनें पहिलें प्रमाण प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून तीं प्रमाणें वेळोवेळीं कडक होत आलीं. मोटारशर्यतीचीं अलीकडील प्रमाणें एस्.ए. २०१०, एस्.ए. २०१५, एस्.ए. २०२० अशीं आहेत. घोटाळा येथेंच होतो. अस्तराखालील चिठ्ठीवरचें साल हेल्मेट बनल्याचें नसून नियमाचें असतें. २०१४ सालीं घेतलेल्या हेल्मेटावर २०१० हाच आंकडा असावयाचा. शर्यती भरविणाऱ्या संस्था सामान्यतः चालू प्रमाण आणि त्यामागील एक-दोन एवढींच मानतात. जुनें प्रमाण गळालें कीं पेटींत जपून ठेवलेलें हेल्मेटहि त्याबरोबर गळतें.

ही व्यापाऱ्यांची युक्ति नव्हे काय? थोडा संशय आम्हांसहि येतो. परंतु २००९ सालची हंगेरींतील हकीकत पाहावी. पुढील मोटारीची निखळलेली स्प्रिंग फेलिपे मासा याच्या हेल्मेटावर, डोळ्याच्या वरच्या बाजूस आदळली. तो वांचला, पण त्या जागचें दौर्बल्य उघड झालें. २०११ पासून फॉर्म्युला वनमध्यें डोळ्यांवरील पारदर्शक पडद्याच्या वरच्या कडेस झायलॉनची पट्टी आली. पुढें २०१८ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत डोळ्यांच्या खिडकीची वरची कड १० मिलिमीटर खालीं आणिली आणि २०१९ पासून तें हेल्मेट त्या शर्यतींत सक्तीचें झालें. पूर्वीचें हेल्मेट त्या घटकेस वाईट झालें असें नव्हे. त्यांत हें ज्ञान नव्हतें, इतकेंच.

आणखी एक भेद ध्यानांत धरावा. ‘एम्’ चिन्हाचें हेल्मेट मोटारसायकलचें. त्यास आगीची परीक्षा नसते. ‘एस्.ए.’ला ती असते, शिवाय मोटारीच्या आंतील संरक्षक दांड्यावर डोकें पुनःपुन्हां आपटण्याचीहि. आपल्याकडे दुचाकीसाठीं आय्.एस्. ४१५१ हें प्रमाण आहे आणि १ जून २०२१ पासून मानचिन्हावांचून दुचाकीचें हेल्मेट विकण्यास मनाई आहे. तें रस्त्यापुरतें उत्तम. मोटारशर्यतींत त्यावर विसंबूं नये.

नवीन हेल्मेट घेतांना दुकानदार मागील प्रमाणाचा माल स्वस्त देऊं लागला, तर अस्तर उचलून चिठ्ठीवरील साल वाचावें, आपली संस्था तें कोणत्या वर्षापर्यंत मानणार हें तिच्या नियमांत पाहावें आणि किंमतीस उरलेल्या वर्षांनीं भागावें. बहुधा नवेंच स्वस्त पडतें.