पोचट लोंबीचा पंचनामा फुलोऱ्यातच व्हावा

उन्हाळी धानाच्या लोंब्या ताठ उभ्या राहिल्या आणि चोळून पाहिल्यावर हाती नुसते तूस आले, की कारणांना तोटा नसतो: खोडकिडा, मानमोडी, खत कमी पडले, बियाणे फसवे निघाले. साकोली पट्ट्यातल्या कृषी सहायकांना आणि बीजोत्पादकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की कापणीला पोचट दाणे मोजून नुकसान कळते, कारण कळत नाही. खोडकिड्याची पांढरी लोंबी ओढली की सहज उपसून येते, ती ओळखता येते. पण लोंबी हिरवी आणि निरोगी असूनही मधले मधले दाणे रिकामे असतील, तर जाब परागकणालाच विचारला पाहिजे आणि तो फुलोरा सरल्यावर हाती लागत नाही.

धानाच्या प्रत्येक फुलात सहा पुंकेसर असतात. त्यांतला पराग लोंबी निसवण्याच्या दहा-बारा दिवस आधी, पोटरीतच घडू लागतो. झेंडापानाच्या बुडाशी असलेले कान खालच्या पानाच्या कानांच्या बरोबरीला आले, की आत परागमातृपेशींचे अर्धसूत्री विभाजन चालू आहे असे धरावे. एकेका पेशीपासून चार लघुबीजाणू होतात. परागकोशाचा आतला थर, टॅपेटम, त्यांना पोसतो, कवचासाठी द्रव्य पुरवतो आणि वेळेवर विरघळून जातो. पुढे दोन विभाजने होऊन कण तीन पेशींचा होतो व पिठूळ द्रव्याने भरतो. याच दिवसांत कडक थंडी, पाण्याचा ताण किंवा उष्णता आली, तर टॅपेटमचे काम बिघडते आणि कण रिकामा राहतो. म्हणून फुलू घातलेली फुले उमलण्याआधी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावीत व परागकोश फोडून आयोडीनच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. भरलेला कण गोल, काळा-निळा दिसतो. वांझ कण फिकट आणि सुरकुतलेला. फिकटांची गर्दी असेल तर घात पोटरीत झाला.

यावर कोणी म्हणेल, की काळा कण म्हणजे जिवंत कण नव्हे. आक्षेप खरा आहे. फुलण्याच्या वेळी तापमान 35 अंशांवर गेले तर भरलेला परागही कोशातच अडकतो किंवा कुक्षीवर रुजत नाही. मोकळा झालेला धानाचा पराग तर काही मिनिटांतच मरतो. त्यामुळे कुक्षीही तपासावी. कण काळे आणि कुक्षी जवळपास रिकामी, तर घात फुलण्याच्या दिवशीचा. दोन्ही ठीक असूनही दाणा पोचट, तर मगच खत, रोग आणि दाणा भरण्याचा काळ यांच्याकडे वळावे. दुसरा आक्षेप असा, की विदर्भात एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो तरी धान पिकतेच. पिकते, कारण फुले सकाळीच उमलतात आणि कोरड्या हवेत बाष्पोत्सर्जनाने लोंबी भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहते. मात्र त्यासाठी मुळाशी पाणी हवे. बांधी नेमकी फुलोऱ्यात कोरडी पडली तर हे संरक्षण जाते. सूक्ष्मदर्शक गावात नाही, ही अडचण त्या मानाने लहान आहे: अल्कोहोलमधला नमुना टिकतो, तो सवडीने कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या महाविद्यालयात पाहता येतो. तालुक्यातल्या प्रत्येक उन्हाळी बीजोत्पादन क्षेत्रातून असे नमुने या हंगामातच घेतले जावेत, आणि तलावाच्या पाण्याची पाळी ठरवताना फुलोऱ्याचा आठवडा आधी राखून ठेवावा.