पत्राचा जकातनाका

विरारपर्यंत १५०० व्होल्ट डीसी, पुढे २५ हजार व्होल्ट एसी. रूळ तेच, वीज निराळी. २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेचा उपनगरी मार्ग एसीवर आला आणि १६ एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची लोकल आमच्या डहाणू रोडला येऊ लागली.

ई-मेलचे तसेच आहे. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पत्र नेण्याचा एसएमटीपी हा रिवाज १९८२ पासून सर्वांना खुला. पण आऊटलुक आणि एक्स्चेंज सर्व्हर यांची आपसातली बोली मायक्रोसॉफ्टने बरीच वर्षे घरातच ठेवली. दुसऱ्याचा स्वस्त सर्व्हर घ्यावा, तर टपाल येते, भेटीगाठींची वही मात्र अडते. मग साहेब म्हणतात, जुनेच बरे. बँकेच्या भाषेत हे गहाणच!

युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड केला आणि फाईल-छपाईच्या सर्व्हरांची बोली इतरांना सांगायला लावली. तीन वर्षांनी ‘सांबा’च्या मंडळींना ते कागद १० हजार युरोंत मिळाले. एक्स्चेंजचे कागद २००८ मध्ये बाहेर आले. पेटंटचा परवाना वेगळा. गुगलने २००९ मध्ये फोनसाठी ॲक्टिव्हसिंकचा परवाना घेतला. गुगलला तो परवडतो, चार पोरांच्या कंपनीचे काय?

कारागिरीचे पैसे जरूर घ्यावेत, व्याकरणाचे कशाला? आपल्या पतपेढीत नवा सर्व्हर येईल तेव्हा, वाचकहो, सभेत एवढेच विचारा: उद्या दुकान बदलले, तर आमची पत्रे आणि वही सोबत नेता येईल ना? उत्तर लेखी मागा.