पोंतियानाक : एक शहर आणि एक बाळंतीण

बोर्निओ बेटावर, कापुआस आणि लांडाक या नद्यांच्या संगमापाशी, विषुववृत्ताला खेटून पोंतियानाक नावाचे शहर आहे. पश्चिम कालीमान्तान या इंडोनेशियन प्रांताची ही राजधानी. १७७१ साली शरीफ अब्दुर्रहमान अल्काद्री याने ती वसवली. येथील जंगलात भुतांचा त्रास होऊ लागला तेव्हा त्याने तोफा डागल्या, आणि गोळा जेथे पडला तेथे मशीद व राजवाडा बांधला, अशी आख्यायिका आहे. त्या भुताचेच नाव शहराला मिळाले. (नावाच्या इतरही व्युत्पत्ती सांगतात, एक तर उंच झाडाशी जाऊन पोचते. पण लोकांनी उचलली ती भुताचीच.)

हे भूत कोणते? मराठीत त्याचा उल्लेख झालाच तर 'मलाय व्हँपायर' असा होतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत तो तसा येतो, आणि खरे सांगायचे तर आम्हीही तो बरीच वर्षे खपवून घेतला. आज मात्र आम्हाला तो शब्द चुकीचा वाटतो. 'व्हँपायर' म्हटले की १८९७ सालचा ब्रॅम स्टोकरचा सरदार, त्याचा किल्ला आणि त्याची शवपेटी डोळ्यांपुढे येते. पोंतियानाक कोणी सरदारीण नव्हे. मलाय भाषेत 'माति' म्हणजे मरणे आणि 'आनाक' म्हणजे मूल. (आपल्या 'माती'शी या शब्दाचे साम्य आहे, पण तो निव्वळ योगायोग.) बाळंतपणात मेलेल्या स्त्रीशी या नावाचे नाते जोडले जाते ते यातूनच. ती रक्त पिते हे खरे. पण तो तिचा उद्योग झाला, तिची ओळख नव्हे.

वॉल्टर स्कीट यांच्या १९०० सालच्या 'मलाय मॅजिक' या ग्रंथात तर हा गुंता आणखी वाढतो. तेथे बाळंतपणात मेलेली आई म्हणजे लांगसुइर, आणि पोंतियानाक म्हणजे तिचे मृत जन्मलेले मूल! प्रेताच्या तोंडात काचेचे मणी, काखेत अंडी आणि तळहातांत सुया ठेवायच्या, म्हणजे तिला किंचाळता येत नाही, हात पसरून उडता येत नाही. मानेमागचे भोक तिच्याच केसांनी बुजवले की ती माणसाळते, संसारही करते. हे वाचताना भीतीपेक्षा वेगळेच काही मनात येते. जिचा जीव वाचवता आला नाही, तिच्या प्रेताची मात्र एवढी बारकाईने व्यवस्था!

पुढे मूल मागे पडले आणि नाव आईला चिकटले. १९५७ साली भारतातून सिंगापूरला गेलेले दिग्दर्शक बी. एन. राव यांनी 'पोंतियानाक' हा चित्रपट काढला, त्यात मारिया मेनाडो नायिका होती. तो इतका चालला की त्याच वर्षी दुसरा भाग आला. मूळ चित्रपटाची प्रत आज नष्ट झाली असे मानले जाते. पडद्यावरच्या या रूपवतीला सूड घ्यायचा असतो, आणि तिच्या मानेत खिळा ठोकून तिला ताब्यात ठेवणारा बहुधा पुरुष असतो. इंडोनेशियात हिलाच कुंतिलानाक म्हणतात. म्हणजे जेथे शहराला पोंतियानाक हे नाव आहे, तेथे भुताचे रोजच्या बोलण्यातले नाव वेगळे आहे.

मराठी वाचकाला ही बाई अनोळखी वाटू नये. एन्थोवेन यांच्या १९२४ सालच्या मुंबई इलाख्याच्या लोकसाहित्यावरील ग्रंथात हडळ हे बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत मेलेल्या बाईचे भूत म्हणून नोंदले आहे. सोयराच्या त्या दहा दिवसांचा आणि भुताचा संबंध आमच्या आज्यांना सांगावा लागला नसता. तरीही पोंतियानाकचे भाषांतर 'हडळ' असे करावे, असे आम्ही म्हणणार नाही. तसे केले तर ते मेलेले मूल पुन्हा निसटते.

कापुआसच्या काठांवर ईदच्या रात्री आजही ओंडक्यांच्या कार्बाइड तोफा वाजवतात, आणि संस्थापकाच्या तोफेशी त्यांचा संबंध सांगितला जातो. भूत पळवणाऱ्याची आठवण अशी राहिली. जिला पळवले तिची आठवण शहराच्या नावात. यापुढे वर्गात आम्ही हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवणार आहोत, आणि तळटिपेत आई व मूल दोघांनाही जागा देणार आहोत.